किल्ला खाली कसा गेला? लहान मुलांना नकाशा शिकवायला घेताना

"बाई, किल्ला खाली कसा काय गेला? त्यो तर वर हाय की!"

दुसरीतल्या एका मुलीनं हे विचारलं, तेव्हा मी सातारा शहराचा नकाशा फळ्याशेजारी नुकताच टांगला होता. ती किल्ल्याच्या पायथ्याच्या पेठेतली. दारात उभं राहून मान वर केली की तिला अजिंक्यतारा दिसतो. शाळेला ती 'खाली' येते आणि शाळा सुटली की 'वर' घरी जाते. माझ्या नकाशात मात्र किल्ला कागदाच्या खालच्या कडेला गेला होता. "नकाशात उत्तर वर असते ना, किल्ला दक्षिणेला आहे, म्हणून तो खाली," असं मी सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं हे तिच्या डोळ्यांतच दिसलं.

तिचं बरोबरच होतं. साताऱ्यात 'वर-खाली' चढउतारावरून ठरतं. राजपथाला जुनी माणसं अजून वरचा रस्ता म्हणतात आणि कर्मवीर पथाला खालचा रस्ता. राजवाडा वर, पोवई नाका खाली. सगळं गाव किल्ल्याच्या उत्तर उतारावर वसलेलं, त्यामुळे इथल्या मुलाचं 'वर' बहुतेक वेळा दक्षिणेकडे असतं. छापील नकाशाचं 'वर' नेमकं उलट्या बाजूला. ही अडचण आम्ही मोठी माणसं विसरून गेलेलो असतो.

त्या दिवसापासून मी छापील नकाशा सगळ्यात शेवटी काढते आणि भिंतीवर न लावता जमिनीवर अंथरते. त्याच्या आधी काय काय करायचं ते इथं क्रमानं लिहिते आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्या आईबाबांसाठी, आजीआजोबांसाठी, अंगणवाडीच्या ताईंसाठी आणि पहिल्यांदाच तिसरी-चौथीचा परिसर अभ्यास शिकवायला मिळालेल्या शिक्षकांसाठी. मुलं चार ते दहा वर्षांची धरली आहेत. आठवड्याला एक तास दिला तर दोन-तीन महिने पुरतं. सामान घरातलंच: खडू, सुतळी, रांगोळी, पाठकोरे कागद, पेन्सिल. खोडरबर देऊ नका. मूल चुकीची रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढतं, तेव्हा त्यानं काय विचार केला ते आपल्याला वाचता येतं.

पहिली पायरी: मिसळणाचा डबा

नकाशा म्हणजे वरून पाहिलेलं चित्र. मोठ्यांना हे इतकं सवयीचं झालेलं असतं की मुलांना ते वेगळं शिकवावं लागतं हे लक्षातच येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला तांब्या काढायला सांगा, तो बाजूनं दिसतो तसा काढेल, गळा आणि काठ दाखवून. तोच तांब्या जमिनीवर ठेवा, मुलाला स्टुलावर उभं करा आणि विचारा, "घारीला काय दिसेल?" गोलात गोल. पोळपाट, लाटणं, परात, चप्पल, सगळ्यांची 'मुंगीला दिसतं तसं' आणि 'घारीला दिसतं तसं' अशी दोन-दोन चित्रं काढून घ्या. चार वर्षांच्या मुलाला चित्र जमत नसेल तर वस्तूभोवती खडू फिरवू द्या आणि वस्तू उचला. फरशीवर उरलेली रेघ हाच त्याचा पहिला नकाशा.

मग मिसळणाचा डबा उघडा. माझ्या अनुभवात याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. गोल डबा, आत सात वाट्या, मधली एक आणि भोवती सहा. मुलाला वरून बघून कागदावर सात गोल काढायला सांगा. हळदीच्या वाटीला पिवळा ठिपका, तिखटाला लाल, मोहरीला काळा, जिऱ्याला तपकिरी. कागदाच्या कोपऱ्यात 'पिवळा म्हणजे हळद, काळा म्हणजे मोहरी' असं लिहून घ्या. नकाशाची सूची म्हणजे हेच, आणि ती का लागते हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता डब्याला झाकण लावा. दुसऱ्या मुलाला फक्त तो कागद द्या आणि सांगा, झाकण थोडंसंच उचलून, आत न बघता मोहरीच्या वाटीला बोट लाव. पहिल्या खेपेला जमतं. मग कुणाचं लक्ष नसताना डबा थोडा फिरवून ठेवा. बोट धण्यात जातं! मुलं गोंधळतात, कागद चुकला म्हणतात, मग डबा हलवला म्हणतात. थांबा, उत्तर देऊ नका. आमच्या वर्गात एका मुलानं सुचवलं की डब्याच्या काठाला जिथं पोचा आलाय तिथं कागदावरही खूण करायची आणि दर वेळी दोन्ही खुणा जुळवून मगच बोट घालायचं. सात वर्षांच्या पोरानं उत्तर दिशेची गरज शोधून काढली होती. दिशा हा शब्द तोवर आम्ही उच्चारलाही नव्हता.

हा खेळ तीन-चार दिवस चालू द्या. पुढं घाई नको.

दुसरी पायरी: खोली

ही पायरी लवकर होते. काडेपेट्या, खोके, बाटल्यांची झाकणं घेऊन फरशीवर आपली खोली मांडायची: ही कॉट, हे कपाट, हे दार. मग वरून बघून कागदावर उतरवायची. खोलीत कुठंतरी एक गोळी किंवा चॉकलेट लपवा आणि कागदावर फुली मारून द्या. एवढंच. मुलांनी आपली झोपायची जागा सगळ्या घरापेक्षा मोठी काढली तर टोकू नका. मोजमाप पुढं येणार आहे.

तिसरी पायरी: दिशा, पण सावलीवरून

"सूर्य उगवतो ती पूर्व" हे आपण पाठ करून घेतो, पण सूर्य अगदी नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या तारखांच्या आसपासच. डिसेंबरात एका ठरलेल्या जागेवरून उगवता सूर्य बघा आणि त्याच जागेवरून मे महिन्यात बघा. पूर्वेकडच्या जरंडेश्वराच्या डोंगरावर खूण धरून ठेवलीत तर तो केवढा सरकला ते डोळ्यांना दिसतं. म्हणून पूर्वेऐवजी उत्तरेपासून सुरुवात करावी, आणि उत्तर अंगणात काठी रोवून सापडते.

हातभर लांबीची सरळ काठी सपाट अंगणात उभी रोवा. दुपारी बारापासून एकपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सावली आखडत जाते आणि मग पुन्हा लांबायला लागते. सगळ्यात आखूड सावलीचा खडा आणि काठीचं बूड यांना जोडणारी रेघ ही उत्तर-दक्षिण. साताऱ्यात ही वेळ साधारण साडेबाराच्या मागंपुढं येते, बरोबर बाराला नाही. देशभराचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत, म्हणून आपल्याकडे सूर्य उशिरा माथ्यावर येतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे सांगा. लहानांना खडे ठेवण्यातच आनंद असतो, तेवढा पुरे.

हा प्रयोग दिवाळी ते होळी या काळात करा. तेव्हा सावली लांब आणि स्पष्ट पडते, आणि ती उत्तरेकडे पडते. मे महिन्याच्या १०-११ तारखेच्या सुमारास साताऱ्यात भर दुपारी काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत ती थोडीशी दक्षिणेला पडते, कारण सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो. नवख्या माणसानं नेमकं जूनमध्ये काठी रोवली तर सगळ्या दिशा उलट्या लागायच्या.

रेघ सापडली की ती पक्की करा. अंगणात दगड पुरा, वर्गात फरशीवर रंगानं बाण काढा.

मग चतुःसीमा. हा खेळ मला माझ्या वडिलांच्या कागदपत्रांच्या पिशवीत सापडला. जमिनीच्या नाहीतर घराच्या खरेदीखतात लिहिलेलं असतं: पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस ओढा. हीच भाषा मुलांना द्या. प्रत्येकानं आपल्या घराची चतुःसीमा लिहून आणायची. एका मुलानं आणलेली मी जपून ठेवली आहे: 'पूर्वेस काकूचा गोठा. दक्षिणेस किल्ला. पश्चिमेस चावणाऱ्या कुत्र्याची गल्ली. उत्तरेस पाण्याची टाकी.' घरात आजोबा असतील तर ते या कामात सगळ्यात उत्साहानं उतरतात. शेताचा बांध, गावाची शीव, जुनी पाणंद, हे सगळं त्यांच्या बोलण्यात येतं आणि मुलं कान देऊन ऐकतात.

चौथी पायरी: गल्ली, पावलांनी मोजलेली

दारातून निघायचं आणि किराणा दुकानापर्यंत जायचं. जाताना पावलं मोजायची. वळण आलं की थांबून लिहायचं: 'चाळीस पावलं, मग डावीकडं, देवळाशी.' घरी आल्यावर सुतळी घ्या, दर दहा पावलांना एक वीत सुतळी, आणि वाट जमिनीवर मांडा. वळण आलं तिथं सुतळी वळवा. मोठ्या रस्त्याला लहानसा कागद कसा पुरतो हे इथं हाताला कळतं. दोन मुलांच्या सुतळ्या वेगवेगळ्या लांबीच्या निघतील, कारण एकाची पावलं लहान. भांडू द्या त्यांना. मग सगळ्यांनी मिळून एकाच मुलाची पावलं धरायची असं ठरतं. ते त्यांचं ते ठरवतात.

पहिल्या फेरीत डोळ्यांपेक्षा कान-नाक वापरा. पेढ्यांच्या दुकानाजवळ आटवलेल्या दुधाचा वास कुठून सुरू होतो, गिरणीचा आवाज कुठपर्यंत येतो, कुठल्या झाडाखाली नेहमी ओलं असतं. मुलं या खुणा नकाशात घालतात आणि त्या नकाशावरून खरोखर वाट सापडते.

दुसऱ्या फेरीत माणसं. "तुम्ही इथं कधीपासून बसता? माल कुठून येतो? घर कुठं?" हे तीन प्रश्न पुरेत. भाजीवाल्या मावशी कोरेगावकडून आलं आणतात, कुणी जावळीतून तांदूळ आणतं, इस्त्रीवाल्या काकांचं गाव दुसऱ्याच राज्यात असतं. मुलांना आधीच शिकवून ठेवा: नमस्कार करायचा, गिऱ्हाईक असेल तर थांबायचं, सांगायचं नसेल तर पुन्हा विचारायचं नाही, आणि शेवटी त्यांना आपला नकाशा दाखवायचा. आपलं दुकान मुलांच्या कागदावर बघून माणूस जे सांगायला लागतो ते आपण कितीही प्रश्न विचारून मिळत नाही.

पेठांची नावंही इथंच घ्या. शनिवार, सोमवार, मंगळवार अशा वारांच्या पेठा, शिवाय यादोगोपाळ, मल्हार, चिमणपुरा, व्यंकटपुरा. "तुझी पेठ कुणाच्या नावाची?" हे मुलांना घरी विचारायला लावा.

नळाचं पाणी कुठून येतं हाही या पायरीवरचा चांगला प्रश्न आहे. शहराच्या बऱ्याच भागाला कासच्या तलावाचं पाणी येतं, सुमारे २५ किलोमीटरवरून, उतारानं. हे कळल्यावर फुलं बघायला कासला गेलेली मुलं तलावाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

पाचवी पायरी: अजिंक्यताऱ्यावर

आधीच्या चारही पायऱ्या या दिवसासाठी आहेत, असं मला मनापासून वाटतं. फार कमी गावांच्या नशिबी ही सोय असते. समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर, म्हणजे गावाच्या डोक्यावर जवळजवळ ३०० मीटर उंच जागा, आणि चालत तासाभरात मुलं वर. वर जायला गाडीरस्ताही आहे, पण निदान चढताना चालत जा. आपण किती वर आलो हे पायांना कळलं पाहिजे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीतली सकाळ निवडा. पावसाळ्यात वर धुकं असतं आणि दगड निसरडे होतात. आठ मुलांमागं दोन मोठी माणसं हवीत. तटाच्या कडेपासून चार हात आत बसायचं, हा नियम खाली असतानाच सांगून ठेवा. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं असतात.

उत्तरेच्या तटाजवळ मोठा कागद अंथरा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. मुलांनी उत्तरेकडे तोंड करून बसायचं. समोर सगळं गाव पसरलेलं. पहिली दहा मिनिटं पेन्सिल हातात देऊ नका. फक्त शोधायचं: आपली शाळा कुठं, राजवाडा कुठं, एसटी स्टँड कुठं, आपलं घर कुठं. घर सापडलं की जो आरडाओरडा होतो तो होऊ द्या.

मग काढायचं, पण चारच गोष्टी. डाव्या हाताला, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर. उजव्या हाताला, पूर्वेला महामार्ग आणि त्याच्या पलीकडं माहुली, जिथं वेण्णा कृष्णेला मिळते, आणि त्याच्याही मागं जरंडेश्वर. समोर दूर वेण्णेचं खोरं. मधोमध गाव. लांबचं कागदाच्या वरच्या बाजूला, जवळचं खालच्या बाजूला. हे सांगावं लागत नाही, बसल्या जागेवरून हात आपोआप तसाच जातो.

त्या मुलीला मी त्या वर्षी इथं घेऊन गेले होते. तिनं यवतेश्वर काढला, नदी काढली, गाव काढलं. मग मी विचारलं, "आता आपण कुठं बसलोय ते काढ." ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली, मग तिनं आपल्या मांडीला टेकलेल्या खालच्या कडेवर पेन्सिल ठेवली आणि वाकडातिकडा तट काढला. "बाई, आपण किल्ल्यावर बसलोय म्हणून किल्ला खाली!"

वर्गात उत्तर-दक्षिण सांगून जे पटलं नव्हतं ते इथं बसून पटलं. त्यानंतर मुलांना दक्षिणेच्या तटावर न्या. तिकडं उरमोडीचं खोरं, नैऋत्येला सज्जनगड, आकाश स्वच्छ असेल तर चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या. आता त्याच कागदाभोवती फिरून दुसऱ्या बाजूला बसायचं आणि खालची रिकामी बाजू भरायची. कागद फिरवायचा नाही, आपण फिरायचं. नकाशाभोवती माणूस फिरू शकतो हे ज्या मुलाला कळलं, ते पुढं कुठलाही नकाशा हातात घेऊन गोंधळत नाही.

सहावी पायरी: दिवाळीचा किल्ला

आपल्याकडे प्रत्येक गल्लीत पोरं मातीचा किल्ला करतातच. त्याला मावळे आणि गुहा असतात, हळिवाची हिरवळ असते. त्यात दोनच गोष्टी वाढवा.

एक, रांगोळीच्या रेघा. किल्ला ओला असताना जमिनीपासून चार बोटांवर सगळीकडून रांगोळीची एक रेघ फिरवा, मग आठ बोटांवर दुसरी, बारा बोटांवर तिसरी. काडीवर खुणा करून घेतल्या की उंची सारखी राहते. मग स्टुलावर चढून वरून बघा. एकात एक वेडीवाकडी कडी दिसतील. कडा उभा आहे तिथं रेघा चिकटून, उतार सौम्य आहे तिथं लांब-लांब. हायस्कुलात समोच्च रेषा शिकताना भल्याभल्यांची जी दमछाक होते ती इथं पहिली-दुसरीतच संपते.

दुसरी गोष्ट पाणी. किल्ल्याऐवजी यंदा डोंगराची लांब रांग करा आणि तिला महाबळेश्वर म्हणा. माथ्यावर तांब्यानं हळूहळू पाणी ओता. थोडं इकडं वाहतं, थोडं तिकडं. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री या पाच नद्या महाबळेश्वरी उगम पावतात असं आपण मानतो. त्यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. कृष्णेपासून तोच समुद्र इतका जवळ, पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते. वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली, पुढं कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र ओलांडून सुमारे १४०० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात. "असं का?" याचं उत्तर मातीच्या ढिगाऱ्यावर पाणी ओतून मूल स्वतः देतं.

कोयनेची गोष्ट तर मुलांना परत परत हवी असते. कृष्णा आणि कोयना उगमाशी शेजारी. मग दोघी वेगळ्या वाटांनी जातात, कोयना डोंगरांमधून दक्षिणेला उतरते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला अगदी समोरासमोर येऊन भेटते. म्हणून तो प्रीतिसंगम. मोठ्या मुलांना पुढचंही सांगा: धरणात अडवलेलं कोयनेचं पुष्कळ पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडं पोफळीला सोडतात, त्याच्यावर वीज होते आणि ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. मातीत बोटानं बोगदा पाडून दाखवा.

सातवी पायरी: पाऊस आणि भाकरी

'लोक कसे राहतात' हे शिकवताना पोशाख आणि सणांची चित्रं चिकटवायची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. मी पावसापासून सुरू करते.

शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून एक दोर खाली सोडा. साडेपाच मीटरवर लाल चिंधी बांधा. महाबळेश्वरला एका वर्षात साधारण एवढा पाऊस पडतो, तीन माणसं एकावर एक उभी केली तरी डोक्यावरून जाईल इतका. मग दुसरी चिंधी अर्ध्या मीटरवर. हा माण तालुक्यातला पाऊस. पहिलीतल्या मुलाच्या कमरेएवढा. एकाच जिल्ह्यात, एसटीनं एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर. ढग पश्चिमेकडून येतात, घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि पूर्वेला पोचेपर्यंत त्यांच्याजवळ थोडंच उरतं.

आता डबे उघडा. पश्चिमेकडच्या गावांतून आलेल्या मुलांच्या घरी भात आणि नाचणी, माण-खटावकडं ज्वारी-बाजरीची भाकरी, कऱ्हाडकडं जिथं पाटाचं पाणी आहे तिथं ऊस. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी, कोरेगावला घेवडा आणि आलं. जमिनीवर रांगोळीनं जिल्ह्याचा आकार काढा आणि प्रत्येक मुलानं आपल्या घरचं मूठभर धान्य आपापल्या तालुक्यात ठेवायचं. अकरा तालुक्यांची नावं या दिवशी पाठ होतात, घोकून घ्यावी लागत नाहीत.

पाऊस कळला की माणसांच्या वाटाही कळायला लागतात. माणदेशातले मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चाऱ्यापाठीमागं का निघतात आणि पावसाच्या तोंडाला का परततात. जावळी-पाटणच्या घराघरांतली माणसं माथाडी कामाला मुंबईला का गेली आणि यात्रेला गाव का भरतं. कोयनेच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांतली माणसं कुठं कुठं वसली. या वाटा रंगीत सुतळीनं त्याच रांगोळीवर मांडा.

इथं एक काळजी घ्या. कुणाचंही जगणं बघायची वस्तू करू नका. "बघा बिचारे कसे राहतात" हा सूर मुलं पटकन उचलतात आणि तो घालवणं फार अवघड जातं. ज्याची वाट आहे त्यानंच ती सांगावी. ऊसतोडीच्या हंगामात माझ्या वर्गात बीडकडचा एक मुलगा आला होता, दोन महिने बहुतेक गप्पच असायचा. सुतळीच्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, तुमच्यापैकी सगळ्यात लांबून कोण आलंय? तो उठला आणि खडूनं वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत रेघ ओढली. गावांची नावं त्याला थोडीच माहीत होती. पण ट्रॅक्टर कुठं थांबला, पाणी कुठं भरलं, भीमेचा पूल कुठं लागला, धाकटी बहीण कुठं आजारी पडली, कुठल्या वळणावर पहिल्यांदा डोंगर दिसले, हे सगळं त्यानं रेघेवर खुणा करून सांगितलं. इतर मुलांनी आपली रेघ दुकानापर्यंतची काढलेली. त्या दिवसानंतर डबा खायला त्याच्या शेजारी जागा धरायला लागले.

आठवी पायरी: आता छापील नकाशा

कागद जमिनीवर, उत्तरेचा बाण फरशीवरच्या बाणाशी जुळवून. आधी मुलांना त्याच्याभोवती फिरू द्या.

सातारा जिल्ह्याच्या साध्या राजकीय नकाशापेक्षा भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा मिळाला तर जरूर आणा. १७६७ साली स्थापन झालेल्या या खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पट्टी घेऊन घर ते शाळा मोजता येतं. तपकिरी रेघा दिसल्या की मुलं ओरडतात, "रांगोळी!" बारमाही पाणी निळं आणि पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे काळे दाखवलेले असतात. कोयनेकडचा कागद आणि माणकडचा कागद शेजारी ठेवा आणि निळं किती, काळं किती ते बघू द्या. खेड्यातल्या शाळेनं गाव नकाशा मिळवावा, तलाठ्यांकडे विचारा. त्यात गटांचे तुकडे, पाणंद आणि शीव असते. कागदावरची शिवेची रेघ घेऊन एकदा खऱ्या शिवेवर चालत जा. तिथं रेघ नसते, एखादा दगड असतो, नाहीतर ओढा, नाहीतर जुनं झाड.

मोबाईलवरचा नकाशा त्यानंतर. आधी दिला तर निळा ठिपका सगळं सांगून टाकतो आणि मूल शोधायचं थांबतं. शेवटी दिला तर तेच मूल उपग्रहाच्या चित्रात अजिंक्यताऱ्याचा तट ओळखतं आणि 'इथं बसलो होतो' म्हणून बोट ठेवतं.

मुलांनी काढलेला प्रत्येक कागद जपा. मागं तारीख, मुलाचं वय आणि ते काढताना जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा. पुढच्या वर्षी जूनमध्ये जुना कागद न दाखवता त्याच मुलाला तीच गल्ली पुन्हा काढायला सांगा, आणि मग दोन्ही कागद फरशीवर शेजारी ठेवून त्यालाच बघू द्या.